कमी पुस्तके, पण दोनदा: सखोल वाचनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रस्त्याच्या परिसरात आमचा बारा-पंधरा जणांचा वाचनगट दर पंधरवड्याला रविवारी सकाळी भरतो. वर्षाला चार नवी पुस्तके आणि प्रत्येक पुस्तकाचे दोनदा वाचन, असा आमचा नेम आहे. त्याविषयी ज्यांना कळते त्यांच्याकडून प्रश्न येतात आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात, म्हणून ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्या उत्तरात पुन्हा मांडलेला नाही. तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कमी पुस्तके वाचा असे तुम्ही सांगता, पण कमी म्हणजे नेमकी किती?

आमच्यापुरते उत्तर वर्षाला चार असे आहे. हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही, तो अनुभवातून ठरला. गट सुरू झाला त्या पहिल्या वर्षी दर पंधरवड्याला एक नवे पुस्तक असा बेत होता आणि वर्षअखेरीस चोवीस पुस्तके वाचून झाली होती. शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने वर्षभरातल्या कोणत्याही एका पुस्तकातला एक विचार स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि त्यामुळे आपल्या वागण्यात काय फरक पडला ते सांगावे, असे ठरले. पुस्तकांची नावे सर्वांना आठवली, मुखपृष्ठेही आठवली, परंतु विचार कोणालाच धड मांडता आला नाही. त्या सकाळची अस्वस्थता मला अजून आठवते, आणि आजचा नेम तिच्यातूनच आला आहे.

ज्यांना चार जड वाटतात त्यांनी दोन घ्यावीत. आठाच्या पुढे गेल्यास दुसरे वाचन हटकून मागे पडते, असे आम्ही पाहिले आहे. वर्तमानपत्र, दिवाळी अंक, नोकरीसाठी चाळावी लागणारी पुस्तके यांची गणना या चारांत करू नये. ते वाचन वेगळ्या कारणासाठी असते आणि त्याच्यावर बंधन घालण्याची गरज नाही.

२. वाचलेले मी महिन्याभरात विसरते. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

बहुधा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत निसटतो व पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांतून दिसले. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते. अर्थपूर्ण पुस्तक त्यापेक्षा अधिक टिकते, पण घसरणीचे स्वरूप तसेच असते. विसरणे हा दोष नसून मनाचा नेहमीचा व्यवहार आहे, एवढे यातून घ्यावे.

त्याहून उपयोगी प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली मांडला. काही विद्यार्थ्यांनी दिलेला उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. लगेच पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण समज मानून बसतो. तेव्हा तुमची स्मरणशक्ती तपासण्याआधी पुस्तक मिटून आठवण्याची सवय तुम्हाला आहे का, ते पाहा. रोजची पद्धत प्रश्न ३ मध्ये आहे आणि दुसरे वाचन लगेच का करू नये याचे उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे.

३. सखोल वाचन म्हणजे रोज प्रत्यक्षात काय करायचे?

एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे आणि फार तर वीस पाने पुरतात. आठवड्यातून चार बैठका झाल्या तर दोनशे चाळीस पानांचे पुस्तक तीन आठवड्यांत वाचून होते, त्यामुळे हे वाचन संथ असले तरी रेंगाळत नाही. पुस्तक हाती घेतल्यावर पहिली बैठक केवळ अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटचे प्रकरण यांना द्यावी. लेखक कोठून निघून कोठे पोहोचणार आहे हे आधी माहीत असले की वाटेतली वळणे नीट दिसतात. (कादंबरीला हा नियम अर्थातच लागू नाही, प्रश्न ९ पाहा.)

वाचताना हातात पेन्सिल असावी आणि समासात तीनच खुणा कराव्यात: एक पटले नाही यासाठी, एक समजले नाही यासाठी, आणि एक हे माझ्याविषयी आहे यासाठी. आवडलेल्या वाक्यांखाली रेघा ओढण्याची सवय मी प्रयत्नपूर्वक सोडली, कारण रेघ ओढली की ते वाक्य आपले झाल्याचे समाधान मिळते आणि विचार तेथेच थांबतो. न पटलेल्या जागेची खूण मात्र आपल्याला पुन्हा तेथे बोलावते.

बैठक संपली की पुस्तक मिटावे आणि वहीत पाच-सहा ओळी स्वतःच्या भाषेत लिहाव्यात. अडलेले शब्द आणि संदर्भ त्याच दिवशी पाहावेत. जुन्या मराठी शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि व्यक्ती, कालखंड किंवा संकल्पना यांच्यासाठी ‘मराठी विश्वकोश’, एवढ्यावर बहुतेक शंका मिटतात, आणि हे दोन्ही आता महाजालावर विनामूल्य पाहता येतात.

शेवटचा भाग सर्वांत कमी केला जातो, परंतु माझ्या मते बदल घडतो तो तेथेच. आठवड्याच्या वाचनातून एकच गोष्ट निवडून ती सात दिवस वागण्यात आणून पाहावी. आमच्या गटाने वाचलेल्या एका पुस्तकात ऐकण्याविषयी प्रकरण होते. गटातल्या एका निवृत्त काकांनी आठवडाभर घरात कोणाचेही बोलणे मध्येच तोडायचे नाही असे ठरवले. पुढच्या बैठकीत त्यांनी सांगितले की आपण बोलणे तोडतो हेच त्यांना तोवर ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी स्वतःला चारदा थांबवले, आणि नोकरीतल्या अडचणीविषयी त्यांची सून त्यांच्याशी प्रथमच सलग दहा मिनिटे बोलली. ते प्रकरण मीही वाचले होते, मला ते आवडलेही होते, पण माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

४. चारच पुस्तके घ्यायची तर ती निवडायची कशी?

येथे घाई करू नये, कारण निवडलेल्या पुस्तकाबरोबर तुम्ही जवळजवळ वर्ष काढणार आहात. नाशिककरांना या बाबतीत मोठी सोय आहे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले ‘सावाना’, शहराच्या मध्यवस्तीत आहे. पुस्तक आधी वाचनालयातून आणावे आणि दोन-तीन प्रकरणे वाचावीत. परत करताना जर ते सोडवेना, तर ते विकत घेण्यायोग्य आहे असे समजावे. आमच्या चारांपैकी बहुतेक पुस्तके या वाटेने घरात आली.

निवडीची कसोटी मी अशी लावतो: आज ज्या प्रश्नाने मला रात्री जाग येते, त्या प्रश्नाजवळ हे पुस्तक जाते का? वडिलांचे आजारपण चालू असताना व्यवसायवृद्धीवरचे उत्तम पुस्तकही वरवर वाचले जाते. दुसरी कसोटी अशी की पुस्तक आपल्या सध्याच्या समजेपेक्षा थोडे अवघड असावे. पहिल्या वीस पानांत एकही शंका आली नाही तर ते दोनदा वाचण्याची गरज पडणार नाही. चारांपैकी एक पुस्तक तरी किमान पन्नास वर्षांपूर्वीचे असावे, असा आमचा आग्रह आहे.

५. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा कशा करायच्या?

करू नयेत. कागदाच्या अरुंद पट्ट्या कापून त्या पानांत ठेवाव्यात आणि खूण पट्टीवर करावी. परत करताना पट्ट्या काढून वहीत पृष्ठक्रमांकासह चिकटवाव्यात. पुस्तकावर आपल्यानंतरच्या वाचकाचाही हक्क आहे, आणि दुसऱ्याच्या रेघांमधून वाचणे त्याला भाग पाडणे योग्य नाही.

६. टिपणे किती लिहावीत? माझ्या वह्याच्या वह्या भरतात आणि पुन्हा उघडल्या जात नाहीत.

टिपण पुन्हा वाचले जाईल एवढेच लिहावे. एका पुस्तकाला वहीची आठ पाने, ही मर्यादा आम्ही घालून घेतली आहे. त्यातले शेवटचे पान मोकळे सोडायचे आणि दुसऱ्या वाचनानंतर भरायचे. पुस्तकातली वाक्ये उतरवून काढण्यात वेळ घालवू नये, कारण पुस्तक हाताशी असतेच. ते वाचताना आपल्या मनात काय आले हे मात्र कोठेही छापलेले नसते. दिनांक अवश्य घालावा. तेव्हाचे आपण आणि आताचे आपण यांतले अंतर पुढे त्या दिनांकावरूनच मोजता येते.

७. पुस्तक संपल्यावर दुसरे वाचन केव्हा करावे? लगेच केले तर चालेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तरही मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लगेच करू नये. सुमारे सहा महिने जाऊ द्यावेत.

कारण सांगताना मला नेहमी आपल्या जिल्ह्यातली द्राक्षबाग आठवते. दिंडोरी, निफाडकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, पण शहरातल्यांसाठी सांगतो. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या काळात त्या काड्यांच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पाने दिसतात. घड कोठेच दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी झाली की मग ते घड बाहेर पडतात. मधल्या महिन्यांत ऊन, पाणी किंवा खत यांची आबाळ झाली तर ऑक्टोबरमध्ये कितीही काळजी घेतली तरी घड कमीच येतात. बागाईतदार म्हणूनच त्या न दिसणाऱ्या महिन्यांना जपतो.

पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाच्या मधले महिने असेच असतात. पुस्तक कपाटात असते, पण त्यातला एखादा प्रश्न मनात राहिलेला असतो. त्या काळात घरी भांडण होते, कोणाचे लग्न ठरते, नोकरीत बदली होते, कोणी जवळचे जाते, आणि या प्रत्येक प्रसंगी पुस्तकातला तो प्रश्न नकळत तपासला जातो. सहा महिन्यांनी तेच पान उघडल्यावर आपण पूर्वी पटले नाही अशी खूण केलेल्या जागी आता थबकतो, किंवा जे तेव्हा पटले होते ते आता उथळ वाटते. अक्षरे तीच असतात. मधल्या काळात आपल्याला जे समजले ते त्यांच्यापुढे उभे करून पाहता येते. माझ्या अनुभवात माणसाची वाढ होते ती या मधल्या काळात, आणि ती झाली आहे हे दुसऱ्या वाचनात कळते. जो सतत नवे पुस्तक उघडतो त्याला हा काळ मिळत नाही, आणि जो दुसऱ्यांदा उघडतच नाही त्याला काय घडले ते समजत नाही.

व्यवहारात आम्ही असे करतो: तिमाहीतल्या सहा बैठकांपैकी चार नव्या पुस्तकाला आणि दोन सहा महिन्यांपूर्वीच्या पुस्तकाला देतो. जानेवारीत वाचलेले जुलैत पुन्हा येते. दुसऱ्या वाचनापूर्वी जुने टिपण वाचायचे नाही. आधी पुस्तक वाचायचे आणि मग वही उघडायची.

८. सातपूरला कंपनीत पाळीची ड्यूटी आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक हातात धरवत नाही. नेम मोडतो, काय करावे?

रात्रपाळीच्या आठवड्यात वाचू नये. शरीर थकलेले असताना डोळ्यांखालून पाने जातात आणि वाचल्याचे खोटे समाधान तेवढे मिळते. त्या आठवड्यात आधीच्या आठवड्याचे टिपण जवळ ठेवावे आणि जाता-येता त्यातल्या एका प्रश्नाचा विचार करावा. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत प्रत्येकी चार बैठका झाल्या तरी महिन्या-सव्वा महिन्यात पुस्तक पूर्ण होते. आमच्या गटातले दोघे जण अंबडला पाळीतच काम करतात आणि ते वर्षाला दोन पुस्तके वाचतात. त्यांच्या टिपणांनी बैठकीत जेवढी चर्चा घडते तेवढी इतर कोणाच्या टिपणांनी क्वचितच घडते.

९. हे सारे वैचारिक पुस्तकांसाठी आहे. कादंबरी आणि कविता यांचे काय?

कादंबरीचे पहिले वाचन अखंड आणि खुणांशिवाय करावे; कथेच्या ओघात वाहून जाणे हा तिच्या अनुभवाचाच भाग आहे आणि पेन्सिल तेथे अडथळा ठरते. सखोल वाचन दुसऱ्या फेरीत येते. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे लेखकाने पहिल्याच प्रकरणात काय पेरून ठेवले होते ते तेव्हा दिसते, आणि पहिल्या वाचनात ज्या पात्राचा राग आला होता त्याची बाजूही समजते. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा सराव कादंबरीइतका क्वचितच कशाने होतो.

कवितेला तर बैठकीचा आणि पानांचा हिशेब लागूच नाही. एक कविता आठवडाभर पुरते. ती मोठ्याने वाचावी, हाताने लिहून काढावी आणि शक्य झाल्यास पाठ करावी. कुसुमाग्रजांच्या गावात राहणाऱ्यांनी दर वर्षी २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिनी म्हणजेच मराठी भाषा गौरव दिनी, एक तरी नवी कविता मुखोद्गत करून म्हणावी, अशी माझी मनापासून इच्छा असते.

१०. माझी आजी दरवर्षी ज्ञानेश्वरीचे पारायण करते. एकच ग्रंथ आयुष्यभर वाचणे हेही सखोल वाचनच ना?

होय, आणि मराठी माणसाला सखोल वाचनाची ओळख मुळात याच परंपरेने करून दिली आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेला सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ लोक सात दिवसांच्या पारायणात वाचतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या ओवीपासून आरंभ करतात. ज्या निवृत्तिनाथांना ज्ञानदेवांनी त्यात जागोजागी वंदन केले आहे, त्यांची समाधी आपल्याजवळ त्र्यंबकेश्वरला आहे, आणि पौषातल्या यात्रेला चालत जाणाऱ्या दिंड्यांमध्ये अशी अनेक माणसे भेटतात की ज्यांनी आयुष्यात दोन-तीनच ग्रंथ वाचले, पण एखादी ओवी निघाली की तिच्यावर ती तासभर बोलू शकतात.

तरीही एक भेद लक्षात घ्यावा. ठरावीक दिवसांत ठरावीक अध्याय उरकणे ही उपासना आहे. तिचे स्वतःचे मोल आहे आणि ते मी कमी लेखत नाही. परंतु समज वाढण्यासाठी परंपरेनेच श्रवण, मनन आणि निदिध्यासन (म्हणजे त्याच विचाराचा सतत ध्यास) असे तीन टप्पे सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला टप्पा पूर्ण झाला म्हणजे काम झाले असे तिने कोठेही म्हटलेले नाही. संत एकनाथांचे उदाहरण या संदर्भात फार मोठे आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. एकनाथांनी प्रती ताडून पाहून शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. ओवी ओवी थांबून, हा शब्द मूळचा असेल का, असे विचारणाऱ्या वाचकाशिवाय हे कोणी करूच शकले नसते.

तुमच्या आजींना एक विनंती करून पाहा: यंदाच्या पारायणात त्यांना ज्या ओवीपाशी थांबावेसे वाटले ती कोणती आणि का, हे त्यांनी तुम्हाला सांगावे. ते तुम्ही लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

११. मोबाईलवर वाचलेले किंवा कानांनी ऐकलेले पुस्तक चालेल का?

पहिल्या वाचनाला चालेल. दुसऱ्या वाचनाला शक्यतो छापील प्रत घ्यावी. छापील आणि पडद्यावरील वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर थोडे अधिक होते असे दिसले, वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला, आणि निव्वळ कथात्म मजकुरात तो आढळला नाही. फरक मोठा नसला तरी सूचनांचे आवाज आणि मध्येच येणारे फोन यांचा त्रास त्यात धरलेला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ऐकण्याला कमी मानू नये. कीर्तन-प्रवचनातून घडलेल्या समाजाने तर मुळीच मानू नये. मात्र ऐकताना मागे वळता येत नाही, म्हणून प्रकरण संपले की थांबावे आणि प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे आठवून लिहावे. दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांनी घरातल्या कोणाकडून रोज चार पाने वाचून घ्यावीत; वाचणाराही त्यात घडतो.

१२. मी एमपीएससीची तयारी करतो. अभ्यासिकेत सगळे जण पुस्तकांचे ढीग लावून बसतात. मला हे परवडेल का?

परीक्षेत यश मिळेल असे मी सांगू शकत नाही, परंतु एका विषयाला एकच आधारपुस्तक आणि त्याची अनेकदा उजळणी हा सल्ला तुम्हाला अनुभवी मार्गदर्शकांकडूनही मिळेल. चालू घडामोडींना अर्थातच हा न्याय लागू नाही. परीक्षेपूर्वीचे वर्ष असल्यास अभ्यासाबाहेरचे एकच पुस्तक घ्यावे आणि ते दिवसाला पाच पाने वाचावे.

१३. मुलांनाही कमीच पुस्तके द्यावीत का? शाळेत तर जास्त वाचणाऱ्याला बक्षीस मिळते.

मुलांना हा नियम लावू नये. बारा-तेरा वर्षांपर्यंत त्यांना हवी तेवढी, हवी तशी, अर्धवट सोडून, उलटसुलट वाचू द्यावीत. चव कळण्यासाठी आधी पुष्कळ चाखावे लागते. मुले आवडते पुस्तक आपणहून वीस-वीस वेळा वाचतात, त्या वेळी ‘पुन्हा तेच काय?’ असे म्हणून त्यांना थांबवू नये, एवढेच पालकांना सांगणे आहे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळांनी किती पुस्तके वाचली याबरोबर कोणते पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले हेही विचारावे.

१४. साहित्य संमेलनात आणि प्रदर्शनांत घेतलेली पन्नासेक पुस्तके न वाचता पडून आहेत. त्यांचे काय करू?

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा घेतलेली पुस्तके अजून कोरी आहेत असे सांगणारे पुष्कळ वाचक भेटतात. अपराधीपणा बाळगू नये. सर्व पुस्तके एकदा जमिनीवर मांडावीत, प्रत्येकाची अनुक्रमणिका पाहावी, आणि प्रश्न ४ मधल्या कसोटीवर चार बाजूला काढावीत. आणखी चार पुढच्या वर्षासाठी ठेवावीत. उरलेली परिसरातल्या छोट्या वाचनालयाला द्यावीत. पुस्तके फिरती ठेवण्याची कल्पना नाशिकला नवी नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने ग्रंथपेट्यांच्या रूपाने पुस्तके वाचकांच्या घराजवळ नेली. मात्र पेटी पुढे जाण्यापूर्वी तिच्यातले सगळे उरकण्याच्या घाईत कोणी पडू नये. पेटीतले एक पुस्तक नीट वाचून झाले तरी पेटी सार्थकी लागली.

१५. एकाच लेखकात इतके खोल गेलो की मी त्याच्यासारखाच विचार करू लागलो, असे घरचे म्हणतात. हा धोका खरा आहे का?

खरा आहे, आणि या पद्धतीतली सर्वांत अवघड बाजू हीच आहे. थोडी पुस्तके वाचणाऱ्याला ती पुस्तके व्यापून टाकू शकतात. त्यावर आम्ही दोन उपाय करतो. चारांपैकी दोन पुस्तके परस्परविरोधी बाजूंची घेतो, म्हणजे एका पुस्तकाचे दुसरे वाचन आणि त्याच्या विरोधकाचे पहिले वाचन एकाच तिमाहीत येते. दुसरा उपाय गट हा आहे. एकट्याने वाचताना आपल्याला लेखकाचाच आवाज ऐकू येतो. समोर बसलेली व्यक्ती जेव्हा शांतपणे ‘मला हे अजिबात पटले नाही’ असे म्हणते, तेव्हा आपण लेखकाची बाजू का घेत होतो हे स्वतःला विचारावे लागते. गट नसेल तर एक मित्र किंवा मैत्रीण पुरेशी आहे. ज्या पुस्तकाच्या समासात ‘पटले नाही’ ही खूण एकदाही आली नाही, त्या पुस्तकाविषयी मला स्वतःबद्दल शंका येते.

१६. दुसऱ्या वाचनात पुस्तक पोकळ निघाले. सहा महिने वाया गेले का?

माझ्या मते नाही. पहिल्या वाचनात जे भावले ते का भावले, हे आता तुम्हाला समजू शकते, आणि तेच शेवटच्या मोकळ्या पानावर लिहावे. वाचकाच्या बदलाचा याहून स्पष्ट पुरावा सहसा मिळत नाही. पहिल्याच वाचनात, चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत पुस्तकाने एकही प्रश्न उभा केला नाही, तर ते तेव्हाच सोडावे. पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. मात्र अवघड आहे म्हणून सोडत आहोत की रिकामे आहे म्हणून, हे प्रामाणिकपणे ठरवावे. ‘समजले नाही’च्या खुणा पुष्कळ असतील तर ते अवघड असते; एकही खूण नसेल तर बहुधा रिकामे.

१७. मग एखादे पुस्तक आपल्यापुरते पूर्ण झाले असे केव्हा मानावे?

काही पुस्तके कधीच पूर्ण होत नाहीत आणि ती घरातच ठेवावीत. इतरांसाठी मी एक साधी खूण मानतो: तिसऱ्या वाचनात पेन्सिल एकदाही उचलावीशी वाटली नाही, आणि जे पूर्वी टिपले होते ते आता वागण्यात आपोआप येत आहे असे घरच्यांच्या बोलण्यातून कळले, की ते पुस्तक पुढे द्यावे. देताना खुणा खोडरबराने पुसाव्यात, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःच्या खुणा करता येतील. टिपणवही मात्र आपल्याजवळ ठेवावी. आमच्या गटात ऐकण्याविषयीचे ते पुस्तक (प्रश्न ३) काकांनी गेल्या वर्षी असेच पुसून दिले. सध्या ते त्यांच्या सुनेकडे आहे आणि तिचे पहिले वाचन चालू आहे.